हिवाळ्यापुरती म्हातारी

ओनुमा-सानांनी ती कचरा उचलायच्या चिमट्यात धरली होती, आणि चिमटा अंगापासून होईल तितका लांब.

"तुमच्या दाराच्या मुठीला टांगलेली होती," ते म्हणाले. "झाडताना दिसली. कोणाशी काही... बोलाचाली वगैरे?"

वीतभर उंचीची बाहुली होती. भाताच्या पेंढ्याची, कमरेशी आवळून बांधलेली. डोक्याला पांढऱ्या लोकरीचे केस. चेहऱ्यावर एकच डोळा, तोही काळ्या बटणाचा. पोटावर कापडाचा एक तुकडा.

टोकियोतल्या हिगाशी-कसाईत इतकी वर्षं काढल्यावर एवढं मलाही ठाऊक होतं, की इथे पेंढ्याची बाहुली कोणी खेळायला करत नाही. ज्याचं वाईट व्हावं त्याच्या नावाने ती करतात आणि देवळामागच्या झाडाला खिळ्याने ठोकतात. निदान गोष्टींत तरी. ओनुमा-सान आमच्या इमारतीचे व्यवस्थापक. कुठला कचरा कुठल्या दिवशी टाकायचा, यात त्यांचा शब्द शेवटचा. पण आज तेही अडले होते.

"पेंढा म्हणजे तसा जळणारा कचरा. मंगळवार, शुक्रवार," ते हळू आवाजात म्हणाले. "पण बाहुली अशी टाकत नाहीत. देवळात न्यावी लागते. नेली तर कोणाची म्हणून सांगू?"

"काय गं?" मागून आई आली. गाऊनवर स्वेटर, हातात चहाचं गाळणं.

"काही नाही. तू आत हो."

आईने माझ्या खांद्यावरून पाहिलं. मग हात पुढे करून ती बाहुली चिमट्यातून सरळ काढून घेतली. ओनुमा-सानांना "थँक्यू प्लीज" म्हणाली आणि आत गेली.

"दार लाव, अश्लेषा. गार वारा येतोय."

दार लावताना मला ते कापड ओळखू आलं. जांभळं, बारीक लाल काठाचं इरकल. ऑगस्टमध्ये आईच्या बॅगेतून ती साडी काढून मीच कपाटात ठेवली होती.

"साडी कोणी कापली?"

"मी."

"का?"

"जुनी झाली होती."

"आणि ही दाराला कोणी टांगली?"

"मी काय दारात बसून होते?" आईने बाहुली स्वयंपाकघरात, कॅलेंडरशेजारच्या हुकाला अडकवली. मग जरा मागे होऊन पाहिलं आणि तिचं तोंड गॅसकडे फिरवलं. "एवढीशी तर आहे. खातेय का तुझं काही?"

टेबलाशी दूध पीत बसलेली ईश्वरी खुदकन हसली. "हिमित्सु," ती म्हणाली. गुपित. माझी मुलगी मराठी सगळं समजते, उत्तरं मात्र जपानीत देते.

मला हसू आलं नाही. आईचं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलं, ट्रंक कॉलच्या बोर्डावर. कॉल जोडायचा, बोलणं सुरू झालं की बाजूला व्हायचं. ऐकायचं नाही, ऐकू आलं तर घरी न्यायचं नाही. शहरातले किती जन्म, किती मृत्यू तिच्या कानावरून गेले असतील. आम्हाला जेवताना त्यातलं एक अक्षर कळलं नाही. बाबांच्या आजाराचं डॉक्टरांनी पहिल्यांदा तिला सांगितलं, आणि माझी बारावीची परीक्षा संपेपर्यंत तिने ते आत ठेवलं. पेपर संपले त्या संध्याकाळी आइस्क्रीम आणलं आणि मग सांगितलं. तेव्हापासून आई गप्प झाली की मी आजूबाजूला बघायला लागते.

आणि या ऑक्टोबरात ती जरा जास्तच गप्प होती.

तिचा व्हिसा तीन महिन्यांचा. तो संपला की ती डोंबिवलीला, विश्वनाथदादाकडे. प्रश्न एवढाच होता, की या हिवाळ्यात आई नेमकी कुठे राहणार. आणि तिच्यासमोर तो कोणी विचारत नव्हतं. दादाचा आदल्या रविवारी फोन आला होता.

"अगं, टाइल्सचं काम काढलंय. सगळं घर उकरून ठेवलंय. पंधरा दिवस अजून ठेवता येईल का तिला?"

"व्हिसा वाढत नाही, दादा."

"नाही, म्हणजे स्वानंद काहीतरी करेल ना. एवढी मोठी कंपनी आहे त्याची."

मागून सुचेतावहिनीचा आवाज आला, "त्यांना म्हणावं, धूळ आहे हो फार. आईंना त्रास होईल." गेल्या वर्षी रंगकाम होतं. त्याच्या आदल्या वर्षी पुतण्याची परीक्षा. आई यायची वेळ झाली की त्या घराला काहीतरी व्हायचं.

बाहुलीबद्दल माझा पहिला संशय खालच्या मजल्यावरच्या बाईंवर गेला. फोडणीच्या वासाबद्दल त्यांनी दोनदा चिठ्ठी टाकली होती. लिफ्टमध्ये मी त्यांना वाकून नमस्कार केला आणि वाकल्या वाकल्या त्यांच्या हातांकडे पाहून घेतलं. पण साडीचा तुकडा त्यांच्याकडे कसा जाणार? तो माझ्या घरातून गेला होता, आणि देणारीचं नाव मला माहीत होतं.

संध्याकाळी बाल्कनीत कपडे काढताना पायाला बादली लागली. इथल्या शाळांत पाचवीची मुलं बादलीत भात लावतात. ईश्वरीची निळी बादली उन्हाळाभर आमच्या वाटेत होती. आता तिच्यात नुसती बुडखं उरली होती, कात्रीने कापलेली, त्यातली मूठभर अगदी ताजी. जास्तीच्या रोपांची दुसरी बादली आईने आल्या आल्या चौथ्या मजल्यावर ओइकावांच्या म्हातारीला दिली होती, ते मला तेव्हा आठवलं.

आई रोज दुपारी तिथेच जायची.

ओइकावांची म्हातारी म्हणजे एल्स्पेथ. स्कॉटलंडच्या कुठल्याशा बेटावरची. जहाजावर काम करणाऱ्या एका जपानी माणसाशी लग्न करून ती तरुणपणी इकडे आली आणि मियागीतल्या एका लहान बंदरात तिने संसार केला. दोन हजार अकरात लाटेने घर नेलं, नवराही. तेव्हापासून ती इथे मुलाकडे होती. त्या बंदराबद्दल ती कधी बोलत नसे. बोलायची ती बेटाबद्दल. आईने तिचं एल्सबाई करून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी तोयोसुच्या ऑफिसातून मी लवकर निघाले. आमच्या मजल्याऐवजी चौथ्यावर उतरले. दाराबाहेरूनच आईचा आवाज ऐकू आला. घरचा नाही, बोर्डावरचा.

"गो अहेड, कॉलर."

आणि त्यावर दोघींचं हसणं.

एल्सबाईंनी दार उघडलं. उंच बाई, आता वरून वाकलेली, अंगात पुरुषी जाड स्वेटर. माझ्याशी त्या जपानीत बोलायच्या, आईशी इंग्रजीत.

"ती बाहुली तुम्ही टांगलीत?" मी बूट न काढताच विचारलं.

"बाहुली नाही. म्हातारी," त्या म्हणाल्या. "आणि टांगून पळाले. म्हणजे, लिफ्टने."

"कशासाठी?"

"आत ये. उभ्याने सांगण्यासारखं नाही."

त्यांच्या बेटावर ज्याची कापणी आधी संपते तो शेवटच्या मूठभर पेंढ्याची म्हातारी बांधतो आणि ज्याचं कापायचं राहिलंय त्याच्या शेतात टाकून पळतो. त्याचं झालं की तो पुढच्याच्या शेतात टाकतो. असं करत करत जो सगळ्यांत शेवटी राहतो, त्याच्या घरी म्हातारी हिवाळाभर मुक्कामाला. एक खाणारं तोंड वाढलं म्हणायचं.

"म्हातारी म्हणजे कोण?"

"हिवाळाच. एक डोळा, निळं तोंड. काठी आपटली की जमीन गोठते. शाल समुद्रात धुऊन वाळत घातली की डोंगर पांढरे होतात." त्यांनी माझ्यापुढे बिस्किटं सरकवली. "कोणाला हवी असणार ती घरात? माणसं कंदील लावून कापत बसायची, पण शेवटची राहायची नाहीत. माझे वडील एकदा राहिले. आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही."

"म्हणजे कोणालाच नको असलेली म्हातारी तुम्ही आमच्या गळ्यात मारलीत."

"हो," त्या म्हणाल्या. "नियम आहे. माझी बादली आधी कापून झाली. शिवाय माझ्या मुलाच्या घरात एकाच म्हातारीची जागा आहे. तीही जेमतेम."

आईला जपानी कळत नव्हतं, तरी ती नेमकी तिथेच हसली. "आमच्याकडची म्हातारी लेकीकडे जाते, जाडजूड होते आणि परत येते," ती मला म्हणाली. "सांग तिला."

मी सांगितलं नाही. बशीतल्या बिस्किटांकडे बघत राहिले. या खोलीत रोज दुपारी काय बोललं जात होतं? टाइल्सचं? दादाचं, माझं? कोणाची पाळी, कोणाकडे किती महिने, हे या परक्या बाईला माहीत होतं का? माहीत नसेल, तर माझ्याच दाराला म्हातारी बांधावी हे तिला सुचलं कसं?

लिफ्टमध्ये मी आईला विचारलं, "तू यांना काय काय सांगतेस?"

"मी कुठे सांगते? ती सांगते. मी लाइन चालू ठेवते."

स्वानंदला रात्रीचं जेवण वाढताना मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, हार्मलेस आहे ती. दोन म्हाताऱ्या टाइमपास करतायत. तू प्रत्येक गोष्टीत काय शोधतेस?"

"मग आमच्याच दाराला का?"

"बिल्डिंगमध्ये बादल्याच दोन होत्या ना." त्याने पोळी घेतली. मग आवाज खाली आणला. "व्हिसाचं मी एचआरला विचारलं. एक्स्टेन्शन नाही. मेडिकल असेल तरच बघतात. आईंना काही होतंय का?"

आई पाण्याचा तांब्या घेऊन आलीच होती. "मला काय धाड भरलीय?" ती म्हणाली.

त्यानंतर मी तिच्यावर नजर ठेवायला लागले. स्टेशनकडे जाताना पुलाचा चढ संपला की एक फुलांचं दुकान आहे. आई तिथे थांबायची. प्रत्येक वेळी. विकत काही घ्यायची नाही. एक हात कठड्यावर ठेवून शेवंतीच्या बादल्यांकडे बघत राहायची.

"काय बघतेस एवढं?"

"फुलं. तुला माहीत नाही मला फुलं आवडतात ते?"

मला माहीत नव्हतं. आमच्या घरी गणपतीतसुद्धा ती हार बाहेरून आणायची.

"आई, तुला इथे राहायचंय का?" असं मी एकदा विचारणार होते. शब्द तयार होते. पण राहायचंय म्हणाली असती तर पुढे काय, हे माझ्याजवळ तयार नव्हतं. ती शेंगा सोलत होती. मी समोर बसून चार शेंगा सोलल्या आणि उठले.

नारिताला निघायच्या दिवशी तिने दोनच गोष्टी सांगितल्या. ईश्वरीशी मराठीतच बोलायचं, तिने कशातही उत्तर दिलं तरी. आणि म्हातारीला गॅसजवळून हलवायचं नाही.

"जेवताना तिच्यासमोर काहीतरी ठेवत जा. चिमूटभर."

"आई, ती गवताची आहे."

"म्हणून तर चिमूटभर."

विमानतळावर दर वर्षी मी व्हीलचेअर सांगायची आणि दर वर्षी ती भांडायची. मला काय लुळी समजता का, म्हणायची. या वेळी खुर्ची आली तशी ती निमूट बसली. पदर नीट केला, पर्स मांडीवर घेतली. मी त्या ढकलणाऱ्या मुलीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. काहीतरी चुकत होतं, पण काय ते हातात येत नव्हतं.

"दादाकडे टाइल्स झाल्या असतील," मी म्हणाले.

"झाल्या असतील," आई म्हणाली.

हिवाळाभर फोनवर तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "म्हातारी काय म्हणते?" मी फोन भिंतीकडे फिरवायची. आई एक डोळा मिटून तिच्याकडे बघायची, तिच्यासारखीच. मग म्हणायची, "बरी दिसतेय."

जानेवारीत दादाचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. आई दुपारी आडवी झाली होती. वहिनी चहाला उठवायला गेली, तर उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासूनच थकलेलं असणार.

डोंबिवलीत मी तेरा दिवस होते. त्या घरात मी काहीतरी शोधत होते, हे मला तिथे असतानाच कळत होतं. आईची खाट कुठे होती, औषधं कोण देत होतं, खिडकी उघडी असायची का. नव्या पांढऱ्या टाइल्स पायाला बर्फासारख्या लागत होत्या. "आईंचे पाय गार पडायचे हो त्यांच्यावर," सुचेतावहिनी रडत म्हणाली, "म्हणून त्यांच्या खाटेपासून बाथरूमपर्यंत मी सतरंजी घातली होती." मी जाऊन पाहिलं. सतरंजी होती. नवी होती, आणि पायाखालून सरकू नये म्हणून कडेने टेप लावलेली होती. टेप दादाने लावली असणार, तिरकी होती.

परत आले तर स्वयंपाकघरात म्हातारीसमोर बाटलीचं झाकण होतं आणि त्यात भाताची दोन शितं. रोज बदललेली. 

मार्च संपता संपता एका शनिवारी एल्सबाई आल्या. काठी घेतली होती, ती नवी होती. आल्या तशा बाल्कनीत गेल्या आणि म्हणाल्या, "उलथणं दे."

ईश्वरीने दिलं. त्यांनी निळ्या बादलीतली माती खालून वर केली. कडक ढेकळं फुटली, खालची काळी माती वर आली.

"नांगरणीचा पहिला दिवस," त्या म्हणाल्या. "आज म्हातारीचा पेंढा घोड्याला खाऊ घालायचा. हिवाळा संपला."

"घोडा कुठून आणायचा?"

"पोनी!" ईश्वरी म्हणाली, आणि मोजे घालायला पळाली.

नदीकाठच्या बागेत लहान मुलांना फिरवायला पोनी ठेवलेले आहेत. आम्ही बसने गेलो. म्हातारी माझ्या पिशवीत होती, डोकं बाहेर. बसमधल्या एका बाईने तिच्याकडे पाहिलं आणि पुढच्या थांब्यावर जागा बदलली.

कुंपणाशी एक तपकिरी पोनी उभा होता, डोळ्यांवर झिपऱ्या आलेला. तिथल्या मुलीने अगदी नम्रपणे सांगितलं, बाहेरचं खाणं देता येत नाही.

"पेंढाच आहे. कीटकनाशक नाही, काही नाही. या मुलीने शाळेसाठी लावलेला," एल्सबाई म्हणाल्या. "आणि हे माझ्या वयाला बघून सोडून द्यायचं असतं."

मुलगी हसली. मग पलीकडच्या खोगिराचा पट्टा तिला एकदम तपासावासा वाटला.

मी बटणाचा डोळा काढला, लोकर सोडवली. साडीच्या तुकड्याची गाठ सुटेना. आईच्या गाठी कधीच सुटायच्या नाहीत. दाताने सोडवाव्या लागायच्या.

"तुझ्या आईने लबाडी केली," एल्सबाई म्हणाल्या. "माहीत आहे ना तुला?"

"कसली?"

"तुमची बादली माझ्या आधी कापून होत आली होती. एक मूठ ठेवली तिने. एवढीच." त्यांनी मूठ करून दाखवली. "मी रोज विचारायची. रोज म्हणायची, टुमॉरो."

"मी कात्री दिली होती," ईश्वरी म्हणाली. मराठीत. "आजी म्हणाली, उद्या. मग परत उद्या. सगळे दाणे खाली पडले."

"शेवटी मीच कंटाळून माझं कापलं. जिंकायला लबाडी करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, गावंच्या गावं. हरायला करणारी ही एकच. मी तिला बजावलं, प्रभावती, अशाने म्हातारी हिवाळाभर तुझ्या मुलीकडे राहील हं. तर बोर्डावरच्या आवाजात म्हणाली, 'पुट हर थ्रू, प्लीज.' आणि मला हा कापडाचा तुकडा दिला. तिला थंडी वाजेल म्हणाली."

पोनीने कुंपणावरून मान पुढे काढली. त्याचा उबदार श्वास माझ्या मनगटाला लागत होता.

"तिला इथे राहायचं होतं, असं ती बोलली तुमच्याशी?"

"नाही. मी विचारलं नाही. मी लाइन चालू ठेवली."

"तिला बरं नव्हतं. ते माहीत होतं तुम्हाला?"

एल्सबाईंनी बराच वेळ पोनीच्या झिपऱ्या बाजूला सारल्या. त्या पुन्हा डोळ्यांवर आल्या.

"पुलापाशी ते फुलांचं दुकान आहे," त्या म्हणाल्या. "आम्ही दोघीही तिथे दम खायला थांबायचो."

 त्यांनी हात पुढे केला. तळवा सपाट होता, घोड्यांना खाऊ घालणाऱ्या माणसाचा असतो तसा.

"दे आता. ऊन आहे तोवर."

मी लोकर परत डोक्यावर बसवली. बटण जागेवर लावलं. गाठ सुटली नव्हतीच.

"उद्या," मी म्हणाले.

एल्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, हे होणार अशी आधीच खबर असल्यासारखं. मग हात मागे घेतला, खिशात घातला. पोनीने थोडी वाट पाहिली आणि तो आपल्या गवताकडे वळला.

बसमध्ये ईश्वरीने म्हातारीला पिशवीतून काढून मांडीवर घेतलं, आणि उन्हाच्या बाजूला तिचं तोंड केलं.